कसारा लोकल, कळसूबाई आणि नाशिक: माणशी तीन हजारांत अडीच दिवस

मुंबईतून डोंगर आणि शहर दोन्ही एका दमात, तेही खिशाला न चटका बसता करायचं असेल, तर मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं टोक बघा. कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, तिचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत आहे, आणि कसारा घाट चढला की एका बाजूला महाराष्ट्राचं सर्वात उंच शिखर कळसूबाई, तर दुसऱ्या बाजूला नाशिक. विमान नको, स्लीपर कोच नको, कुणाची गाडी उसनी मागायला नको.

स्वस्तातल्या भटकंतीबद्दल माझं मत एवढंच: सगळीकडे काटकसर करायची नाही. जिथे पैसे देऊन वेळ विकत मिळतो तिथे हात सैल सोडायचा, बाकी सगळीकडे आवळायचा. या अख्ख्या प्रवासात अशी जागा एकच आहे, कसारा ते कळसूबाईच्या पायथ्याचं गाव बारी. ती पुढे येईलच.

आधी डोंगर, मग शहर

क्रम उलटा करू नका. शहरात आधी फिरलात की रात्री गप्पा रंगतात, झोप होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई म्हटलं की अर्धी मंडळी 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतात. शिवाय गर्दीचा हिशोब आहे. कळसूबाईवर रविवारी, विशेषतः पावसाळ्यात, शिड्यांपाशी रांग लागते. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पहाटेच चढायला लागलात तर बरीचशी गर्दी तुम्ही उतरताना वर येत असते.

हंगाम कुठला? जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर देखणा असतो, पण माथ्यावर बहुतेक वेळा ढग आणि वारा, दिसत काहीच नाही. आपल्याला हिरवळ हवी की नजारा, हे आधी ठरवा. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरीपासून उतारांवर सोनकी फुलते, हवा स्वच्छ होते. माझं मत विचाराल तर हाच काळ सर्वोत्तम. मात्र नवरात्रात शिखरावरच्या देवीची यात्रा असते. ती अनुभवायची असेल तर जरूर जा, शांतता हवी असेल तर ते नऊ दिवस टाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोचरी थंडी असते. एप्रिल-मेमध्ये उघड्या कातळावरचं ऊन सोसत नाही, पण मेअखेर ते पावसाच्या तोंडावर भंडारदरा परिसरात काजव्यांचा हंगाम असतो. त्यासाठी मात्र संध्याकाळी चढायचं नाही, गावाजवळच थांबायचं. झाडांवर बॅटरी मारायची नाही आणि फ्लॅश बंद ठेवायचा.

माणसं सहा

चार असाल तर जीप महाग पडते, नऊ-दहा असाल तर दोन जीप लागतात आणि कुठलाही निर्णय व्हायला तास जातो. सहा हा आकडा सोयीचा. एका जीपमध्ये सॅकसकट मावतात, लॉजवर तिघातिघांच्या दोन खोल्या होतात. तारीख ठरवताना मतदान घेऊ नका. दोघांनी तारीख ठरवावी आणि 'येणार त्यांनी बुधवारपर्यंत पाचशे पाठवा' म्हणून सांगावं. पैसे आले तेवढीच माणसं येणार असं समजायचं.

दोन कामं आधीच वाटून द्या. एक खजिनदार, जो सगळ्यांचे पैसे धरेल आणि प्रत्येक खर्च त्याच क्षणी मोबाइलमध्ये लिहील. आणि चढताना सगळ्यात मागे राहणारा एक दमदार गडी. पुढे जाण्याची हौस सगळ्यांनाच असते. मागे राहून धापा टाकणाऱ्या मित्राशी गप्पा मारत चढणारा माणूस मिळणं कठीण. मिळाला तर त्याच्या चहाचे पैसे घेऊ नका.

कॉन्ट्री

प्रत्येकी तीन हजार आधीच गोळा करा. टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) प्रकार शहरातल्या हॉटेलात ठीक आहे, गावात सहा जणांनी सहा वेळा क्यूआर कोड मागितला तर घरधनीण वैतागते. माझा अंदाज असा मांडा: लोकल पन्नास, कसाऱ्याहून जीप पाचशे, गावातलं राहणं आणि जेवणं आठशे, रविवारची जीप आणि एसटी मिळून अडीचशे, नाशिकचा लॉज चारशे, नाशिकमधलं खाणंपिणं चारशे, सिटी बस-रिक्षा शंभर, परतीचं तिकीट दीडशे. झाले २,६५०. उरलेले साडेतीनशे राखीव. दर हंगामाप्रमाणे हलतात, म्हणून फोनवर विचारून हेच आकडे आपापले पक्के करून घ्या.

गटात मुली असतील तर एसटीचा खर्च आणखी उतरतो; मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट आहे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास मात्र या सहलीसाठी घेऊ नका. चार दिवस एसटीतच बसून राहणाऱ्याला तो परवडतो, आपल्या दोन-तीन फेऱ्यांत वसूल होत नाही.

निम्मी रक्कम रोख ठेवा, तीही पन्नास-शंभरच्या नोटांत. बारीत रेंज येते-जाते आणि एटीएमचा भरवसा धरू नका.

निघण्याआधीचे फोन

आठवडाभर आधी तीन फोन करायचे. पहिला बारीतल्या मुक्कामाचा. गावात बऱ्याच घरांतून जेवणाची आणि झोपण्याची सोय होते. विचारताना नेमकं विचारा: चहा-नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, झोपायला गाद्या-पांघरुणं, आणि संडास घरात की बाहेर. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. दुसरा फोन जीपचा. बहुतेकदा घरवालाच ओळखीचा जीपवाला जोडून देतो. 'पहाटे तीनच्या आसपास कसारा स्टेशनबाहेर, सहा माणसं, सहा सॅका' इतकं स्पष्ट बोला, भाडं पूर्ण गाडीचं ठरवा आणि ड्रायव्हरचा नंबर स्वतःकडे घ्या. तिसरा फोन नाशिकच्या लॉजला किंवा पंचवटीतल्या धर्मशाळेला. धर्मशाळा स्वस्त पडतात, पण काही ठिकाणी मुलामुलींच्या मिश्र गटाला खोली देत नाहीत, काही ठिकाणी रात्री दरवाजा लवकर बंद होतो. हे तिथे पोचून कळण्यात अर्थ नाही. २०२७ सालच्या सिंहस्थाच्या काळात जाणार असाल तर नाशिकचा मुक्काम बऱ्याच आधी पक्का करा, नाहीतर शहर वगळून डोंगरच करा.

परतीच्या रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. तारीख ठरली की लगेच सेकंड सिटिंगची तिकिटं काढून टाका.

आणि त्या रात्री रेल्वेचा ब्लॉक आहे का ते शुक्रवारी दुपारी बघा. रविवारचा मेगाब्लॉक आपल्या अंगवळणी पडलाय, पण रात्रीचे विशेष ब्लॉकही असतात, आणि शेवटची कसारा लोकल कसाऱ्याआधीच थांबवली तर सगळं गणित कोलमडतं.

सॅक

पस्तीस-चाळीस लिटरची पुरते. तंबू आणू नका. भाड्याचे पैसे, वजन आणि ओला झाला की दुप्पट वजन. घराच्या ओसरीवर त्यापेक्षा छान झोप लागते. कपडे: अंगावरचा एक जोड, सुका एक जोड, झोपायला एक. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि गुडघा वाकू देत नाही. सॅकच्या आत मोठी काळी कचऱ्याची पिशवी घालून तिच्यात सगळं भरा; वरून घालायच्या रेनकव्हरपेक्षा ही जास्त भरवशाची. डोक्याला लावायचा टॉर्च प्रत्येकाकडे हवा, कारण मोबाइलचा टॉर्च धरला की शिडीला धरायला एकच हात उरतो. पाणी प्रत्येकी दोन लिटर, इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं, क्रेप बँडेज, गुडघेदुखीवाल्यांनी नी-कॅप. खायला दशम्या, खजूर, चिक्की, भाजलेले शेंगदाणे. बूट नवे कोरे असतील तर आधी आठ-दहा दिवस ऑफिसला घालून जा.

शुक्रवार, मध्यरात्र

शेवटची कसारा लोकल सीएसएमटीहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. नेमकी वेळ वेळापत्रक बदललं की मागेपुढे होते, म्हणून त्याच दिवशी ॲपवर बघा. सगळ्यांनी सीएसएमटीलाच चढायचा आग्रह धरू नका. पश्चिम उपनगरातले दादरला, नवी मुंबईकर आणि ठाणेकर ठाण्याला चढतील. फक्त डबा आधी ठरवा. 'मागून तिसरा' असं काहीतरी पक्कं सांगा, नाहीतर अर्धी टोळी डोंबिवली येईपर्यंत एकमेकांना फोन लावत बसते. कल्याणपर्यंत गाडी भरलेली असते. टिटवाळा गेलं की पाय पसरायला जागा होते, आसनगावनंतर तर डब्यात तुमच्यासारखे सॅकवालेच उरतात. तेव्हा झोपा, पण एकाने जागं राहायचं.

कसाऱ्याला उतरल्यावर आता तो हात सैल सोडायचा प्रसंग. दुसरा पर्याय आहेच: पहाटेच्या लोकलने यायचं, कसाऱ्याहून शेअर जीपने घोटी, घोटीहून बारीकडे जाणारी एसटी किंवा वडाप (माणशी भाडं घेणारी खासगी जीप). निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. पण पायथ्याला पोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात आणि भर उन्हात, भर गर्दीत चढावं लागतं. थंडीत चालून जाईल, बाकी वेळी नाही. पाचशे रुपयांत एक थंड, मोकळी सकाळ मिळते, ती घ्या.

बाइकवाल्यांसाठी एक सूचना: समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या कसारा घाटानेच यावं लागेल, आणि रात्रीच्या ट्रकांमध्ये त्या घाटात बाइक घालू नये असं मला वाटतं.

शनिवार: कळसूबाई

उंची १६४६ मीटर, गाव बारी, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. सगळा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्क घेतात, पावती मागून घ्या. पावसाळ्यात प्रशासन कधीकधी बंदी घालतं, तीही निघण्याआधी विचारा.

साडेचार-पाचला बारीत पोचाल. लगेच अंधारात सुटू नका. चहा घ्या, नको असलेलं सामान घरात ठेवा, आणि साडेपाचच्या सुमारास निघा. सरावलेल्या माणसाला अडीच तास, मुंबईत लिफ्टने फिरणाऱ्याला साडेतीन-चार. वाट ठळक आहे, चुकण्यासारखी नाही. गावामागची शेतं ओलांडली, ओढा पार केला की चढण सुरू होते आणि पहिला अर्धा तास सर्वांत वाईट असतो. कारण अंग तापलेलं नसतं आणि झोप झालेली नसते. या अर्ध्या तासात कुणी 'मला नाही जमणार' म्हणालं तर मनावर घेऊ नका. थांबवा, पाणी पाजा, सॅक हलकी करा. तासाभरानंतरही तोच माणूस तेच म्हणत असेल, चक्कर किंवा मळमळ होत असेल, तर मात्र एकाने सोबत राहून त्याला खाली न्यायचं. वाद नाही.

मग येतात शिड्या. कळसूबाईची सगळी भीती लोकांना यांचीच असते, आणि खरं सांगायचं तर त्या अवघड नाहीत, पण बेफिकिरी खपवून घेत नाहीत. लोखंडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. पहाटे दव पडलेलं असतं तेव्हा कठडा गार आणि ओला लागतो, बुटाला चिकटलेला लाल चिखल पायरीवर उतरतो आणि मागच्याचा पाय त्यावर घसरतो. म्हणून शिडीपाशी आलं की आधी बूट दगडावर घासायचे. तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे, काठी सॅकला अडकवलेली, मोबाइल खिशात. एका माणसाने निम्मी शिडी पार केल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. उतरतानाही तोंड शिडीकडेच; पाठ टेकवून उतरायची हौस करणारेच घाबरतात. शिडीच्या मध्यावर थांबून सेल्फी काढणारा मित्र असेल तर त्याला सगळ्यात शेवटी ठेवा.

वाटेत गावकऱ्यांच्या टपऱ्या लागतात. लिंबू सरबत, काकडी, कांदाभजी, चहा. खालच्यापेक्षा दोन रुपये जास्त लागतात म्हणून घासाघीस करू नका. पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन माणूस रोज तेवढं चढतो.

शेवटच्या शिडीनंतर माथा. शेंदरी रंगाचं छोटं देऊळ, आत कळसूबाई. गावात सांगतात ती कथा अशी: कळसू नावाची मुलगी पाटलाघरी कामाला राहिली, ती अट घालून, की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा तिला तीच कामं सांगितली गेली. तिने केली, आणि मग घर सोडून डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही.

हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही बलदंड किल्ले ओळीने दिसतात. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यामागे रतनगड. पाऊण तासापेक्षा जास्त वर रेंगाळू नका. वारा घाम वाळवतो आणि अंग आखडतं. प्लास्टिकची प्रत्येक बाटली, प्रत्येक पाकीट परत खाली.

उतरायला दोन-अडीच तास. गुडघ्यांची परीक्षा इथे असते. पावलं छोटी टाका, धावू नका.

दुपारी एकच्या सुमारास बारीत. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा, भात-आमटी. जेवण झालं की सरळ आडवे व्हा. संध्याकाळसाठी काहीही ठरवू नका. रात्री काही अडचण आलीच तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, हे दोन नंबर सगळ्यांना ठाऊक असू द्या.

रविवार: धरण, देऊळ, आणि नाशिककडे

सकाळी सातला घरच्याच ओळखीची जीप घेऊन शेंडी गावामार्गे रतनवाडी. भंडारदऱ्याचं धरण प्रवरा नदीवर, १९२६ साली पूर्ण झालेलं. जलाशयाच्या कडेकडेने जाणारा रस्ताच इतका सुंदर आहे की धरणाच्या भिंतीपाशी फार वेळ घालवायची गरज नाही. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मात्र सावकाश बघा. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम आणि गावातली दगडी पुष्करणी. रतनगड वर खुणावत राहील. आज नाही.

अकराच्या आसपास शेंडीहून एसटी किंवा वडापने घोटी, तिथून नाशिकची गाडी. रविवारी वडाप भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

तीनच्या आत नाशिकजवळ आलात तर थेट शहरात न शिरता पाथर्डी फाट्याला उतरा. मुंबई–आग्रा महामार्गालगतच त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत, एकूण चोवीस. दुखऱ्या मांड्यांनी वीस मिनिटांच्या पायऱ्या चढायच्या जिवावर येतील, पण तिसऱ्या लेण्यासाठी चढा. तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. म्हणजे एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांनी एकाच डोंगरावर आपापलं दान कोरून ठेवलंय. सॅका घेऊन वर जाऊ नका. आळीपाळीने एकाने खाली थांबा.

तिथून सिटीलिंकच्या बसने शहरात. मुक्काम सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा पंचवटी भागात घ्या. नाशिकरोड स्टेशन शहरापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे, हे मुंबईकर हमखास विसरतात. रात्री उलटा वडापाव खा, यात वडा वेगळा तळत नाहीत, आख्खा पावच बेसनात बुडवून तळलेला. एकात पोट भरतं.

सोमवार: गोदाघाट

सकाळी मिसळ. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची, सोबत पापड आणि दही. कोणती सर्वात चांगली यावर नाशिककरांचं कधीच एकमत होणार नाही, म्हणून लॉजवाल्याला विचारा आणि सर्वात जवळची खा.

मग पायी रामकुंड. घाटावर दुतोंड्या मारुती शोधा. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी फुटांत मोजत नाहीत. मारुतीच्या कमरेला लागलं, गळ्याला आलं, डोकं बुडालं, असं सांगतात. जवळच नारोशंकराच्या मंदिराची मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. वसई-विरारचे मित्र बरोबर असतील तर त्यांना हे सांगितलंच पाहिजे. तिथून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर. याच दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. घाईने दर्शन घेऊन निघू नका, ते काळ्या दगडांचं आवार नीट फिरा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये असाल तर घरी द्राक्षं न्या. एरवी चिवडा.

परत

सोमवारी ऑफिस चुकवता येत नसेल तर घाट वगैरे रविवारी रात्रीच उरका आणि सोमवारी सकाळी लवकर नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस धरा. अकराच्या सुमारास ती मुंबईत पोचते. तिच्यात रोज ये-जा करणाऱ्या पासधारकांचे डबे वेगळे असतात, तिथे सॅका घेऊन घुसू नका. ती मंडळी शिस्तीची आहेत आणि तुम्हाला शिस्तीतच उतरवतील. रजा असेल तर संध्याकाळची तपोवन एक्सप्रेस. कुठलंच आरक्षण मिळालं नाही तर शेअर टॅक्सीने कसारा आणि तिथून लोकल. कटकटीचं, पण पैशांत बसणारं. लोकलचं तिकीट मेल-एक्सप्रेसमध्ये चालत नाही, हे लक्षात ठेवा.

हिशोब गाडीतच मिटवा, तोही कल्याणच्या आधी. कल्याणला दोघं उतरतात, ठाण्याला दोघं, आणि मग उरलेले एकशे ऐंशी रुपये कुणाचे यावर महिनाभर ग्रुपवर चर्चा चालते. खजिनदाराने यादी मोठ्याने वाचायची, उरलेले पैसे तिथल्या तिथे परत पाठवायचे, आणि बारीच्या घरवाल्याचा नि जीपवाल्याचा नंबर सगळ्यांना फॉरवर्ड करायचा.